राष्ट्रीय प्राण्यांचा फँटसी लेखकाच्या प्रतिमांवर परिणाम होतो का? माझ्या कादंबरीतल्या राज्याला वाघाचं चिन्ह द्यावं का?

परिणाम होतो. पण चिन्हावर तो प्राणी कोणत्या रूपात उभा आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

ब्रिटनच्या राजचिन्हात एका बाजूला इंग्लंडचा मुकुटधारी सिंह आणि दुसऱ्या बाजूला साखळीने जखडलेला स्कॉटलंडचा युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी काल्पनिक घोडा आहे. १६०३ साली दोन्ही देशांना एकच राजा मिळाला, तेव्हापासूनची ही जोडी. इंग्लंडच्या रानात सिंह नाही, तो तिथे आला राजाची खूण होऊनच. त्यामुळे सी. एस. लुईस यांच्या नार्निया या फँटसी मालिकेत (पहिलं पुस्तक १९५०) सिंह न्याय करतो, हुकूम देतो, तेव्हा त्याचं राजेपण वाचकाला पटवावं लागत नाही. अर्थात त्या सिंहामागे बायबलमधला यहूदाचा सिंह, म्हणजे ख्रिस्ताचं रूपकही आहे, आणि लिहायच्या त्या दिवसांत आपल्याला सिंहांची स्वप्नं पडत होती असं लुईस यांनीच लिहिलंय. वेल्सचं उलटं. तिथे लाल आणि पांढऱ्या ड्रॅगनच्या झुंजीची दंतकथा हजार वर्षांहून जुनी, तर लाल ड्रॅगनचा झेंडा अधिकृत झाला १९५९ साली.

आपला वाघ राष्ट्रीय प्राणी झाला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, सिंहाच्या जागी. १९७३ चा व्याघ्र प्रकल्पही त्याच सुमाराचा. वाघ संपत चालला होता, त्याला वाचवायचं होतं. हे फार मोलाचं काम, पण त्यातून लेखकाला गोष्ट मिळत नाही. गोष्ट जुन्या वाघात आहे.

मी खान्देशातला. आमच्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेला हा योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला, आणि समोरून ही भावंडं चालत्या भिंतीवर बसून आली. मला ही प्रतिमा जगातल्या कुठल्याही फँटसीच्या तोडीची वाटते! इथे वाघ राजा नाही, योगसामर्थ्याचं वाहन आहे, आणि निर्जीव भिंत त्याच्यावर मात करते. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते वयाने एवढ्याशा मुक्ताईला. तिचं स्थान तिथून जवळच, मुक्ताईनगरला.

वर सातपुड्यात, भिल्ल-पावरा पाड्यांत वाघदेव पुजतात. गुरांना, माणसांना सांभाळ असं मागणं ज्याच्याकडून भीती त्याच्याकडेच मागायचं. या नात्यात आदर आहे, धाक आहे, देणंघेणं आहे. सिंहासनावरच्या सिंहात हे सापडत नाही.

तेव्हा वाघ जरूर घ्या, पण राजवाड्याच्या दारावर कोरून सोडू नका. तुमच्या राज्यातला गुराखी त्याला काय देतो, बदल्यात काय मागतो आणि वाघाने शब्द मोडला तर गाव काय करतं, हे आधी ठरवा. झेंडा मागाहून काढता येईल.