वाचकांचे प्रश्न : घर आणि दुकान एकाच गाडीत

प्रश्न : मी मिरजेत राहते. वय ४१ वर्षे. शाळेत १६ वर्षे चित्रकला शिकवून गेल्या वर्षी नोकरी सोडली. लाकडी ठशांनी सुती कापडावर छपाई करून मी पिशव्या, रुमाल आणि उशांचे अभ्रे तयार करते, शिवाय जलरंगातली लहान चित्रे काढते. एका भंगार व्यापाऱ्याकडे एस.टी.ची लिलावात निघालेली जुनी बस उभी आहे आणि कागदपत्रांचे आपण पाहून घेऊ, असे तो म्हणतो. त्या बसमध्येच राहायचे, तिथेच काम करायचे आणि गोवा, हंपी करत राजस्थानपर्यंत वर्षभर एकटीने फिरत माल विकायचा, असा माझा बेत आहे. मोटार चालवण्याचा परवाना आणि नऊ लाखांची शिल्लक माझ्याकडे आहे. बस घ्यावी का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तुमचा फिरण्याचा बेत मला मनापासून पटला, पण ती बस घेऊ नका. मी स्वतः मातीची भांडी घेऊन जुन्या मिनीबसमधून पाच हिवाळे एकटीने फिरले आहे, त्यामुळे या उत्तरात कायद्याइतकाच अनुभवही येईल.

प्रथम परवान्याचे पाहू. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलो वजनापर्यंतचेच वाहन चालवता येते आणि एस.टी.ची पूर्ण लांबीची बस या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे जाते. दुसरे, १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या आणि परिवहन महामंडळांच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ती वाहने अधिकृत केंद्रात मोडीतच काढावी लागतात. व्यापाऱ्याकडे उभी असलेली बस त्यांपैकी असेल, तर तिचे कागद कोणालाच करून देता येणार नाहीत, मग तो तोंडाने काहीही सांगो. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परवानगीशिवाय करता येत नाही. असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघात झाल्यास विमा कंपनी हेच कारण पुढे करून भरपाई नाकारू शकते, आणि एकट्या माणसाला तो फटका दंडापेक्षा कितीतरी जड जातो.

तुमच्यासाठी सुस्थितीतला जुना टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तेवढ्याच आकाराची शाळेची मिनीबस योग्य ठरेल. ती तुमच्या परवान्यात बसते, गावातल्या बोळातून निघते आणि एकटीला मागे घेता येते. ती गाडी पूर्वी प्रवासी परवान्यावर चालली असेल, तर तो परवाना परत केल्याचा दाखला, कर भरल्याची पावती आणि कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र हाती आल्याशिवाय पैसे मोजू नका. सरकारी वर्गवारीत खासगी वाहनांमध्ये ‘मोटार कॅराव्हॅन’ असा स्वतंत्र प्रकार आहे आणि तिच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक ठरलेले आहे. म्हणून आसने काढण्याआधी, पत्र्याला करवत लावण्याआधी, आरटीओत लेखी अर्ज करा आणि मानकाप्रमाणे बांधणी करणाऱ्याकडेच गाडी द्या. आधी गाडी बांधून मग परवानगी मागणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्या कित्येक महिने अंगणातच उभ्या राहिल्या.

बांधणीविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगते, कारण ती माझ्या जिवावर बेतली होती. माझ्या गाडीत सिलिंडरसाठी केलेले कपाट फार देखणे होते. त्याला वर जाळी होती, खाली मात्र काहीच नव्हते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. एका रात्री नळीचा जोड सैल झाला आणि गॅस कपाटाच्या फटीतून थेट माझ्या अंथरुणाच्या उंचीवर पसरला. वासाने जाग आली म्हणून मी आज हे लिहू शकते. त्या रात्री दिव्याच्या बटणाला हात न लावता दार उघडून मी अनवाणी बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या लोहाराकडून कपाटाच्या तळाला थेट रस्त्याकडे उघडणारी दोन भोके पाडून घेतली. तुमच्या गाडीत पहिल्या दिवसापासून ती असू द्या. शक्यतो पाच किलोचाच लहान सिलिंडर ठेवा आणि झोपताना त्याची चावी बंद करा. पाण्याची टाकी दोन चाकांच्या मधोमध बसवून घ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते एका बाजूला आले की घाटातल्या वळणावर गाडी त्या बाजूला झुकते.

आता तुमच्या बेतातल्या ज्या भागाविषयी मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते, त्याकडे येते. बसमध्येच काम करायचे, असे तुम्ही लिहिले आहे. ठशांची छपाई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळते, तेव्हा क्षणभर डोळे मिटून ती गाडीत करून पाहा. हलणार नाही असे जड मेज हवे, त्यावर गोणपाटाची गादी हवी, पहिल्या ठशाला दुसरा ठसा केसभरही न चुकता जुळायला हवा. छापलेले कापड सुकवायला दोरी आणि ऊन हवे, रंग पक्का करायला इस्त्री हवी, शेवटी धुवायला बादल्यांनी पाणी हवे. साध्या इस्त्रीला हजार वॅट लागतात आणि १२ व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी भरलेली असली तरी ती सव्वा तासात संपते. त्याच बॅटरीवर पंचवीस वॅटचा पंखा दोन दिवस चालतो. गाडीतली वीज पंखा, दिवा आणि फोन यांच्यासाठी ठेवावी. जलरंगाची चित्रे मात्र गाडीत सुखाने काढता येतील.

म्हणून वर्षभर फिरण्याचा विचार सोडा आणि वर्षाचे दोन भाग करा. आपल्याकडे बौद्ध भिक्खूंचा वर्षावास आणि संन्याशांचा चातुर्मास आहे. आयुष्यभर चालत राहण्याचे व्रत घेतलेली ही माणसेही पावसाळ्यात एका जागी राहतात. तुमच्या कामालाही हाच क्रम शोभेल. जूनपासून दसऱ्यापर्यंत मिरजेच्या घरी मेज मांडून छपाई करा, कापड धुऊन, इस्त्री करून, घडीला कागद लावून ठेवा. दिवाळीनंतर बाहेर पडा आणि उन्हाळा तापण्याआधी परत या. कोकणातल्या पावसात गाडीत ठेवलेल्या चित्रांच्या कागदाला आठवड्यात बुरशी धरते आणि बंद गाडीच्या उन्हात सागवानी ठसेही वाकतात, हे मी सोबतच्या कलाकारांच्या बाबतीत पाहिले आहे. माझा हा आग्रह बंधनासारखा वाटेल, पण करणे आणि विकणे एकाच वेळी साधू पाहणारे कलाकार तिसऱ्या महिन्यात दमून घरी परततात. त्यांच्या हातात कला नसते असे नव्हे, त्यांच्याजवळ माल नसतो.

विक्रीचे नियमही आधीच समजून घ्या. रस्त्याकडेला गाडी लावून दारातच दुकान मांडता येत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली त्यासाठी त्या शहराच्या समितीचे प्रमाणपत्र लागते आणि ते फिरत्या माणसाला मिळणे अवघड असते. शिवाय गाडीची नोंदणी खासगी राहणार असेल, तर तिचा धंद्यासाठी कितपत वापर चालेल हेही आरटीओकडून लेखी घ्या. गाडी राहण्यासाठी आणि विक्री जत्रेतल्या गाळ्यात, अशी विभागणी मला सर्वांत निर्धोक वाटते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विभागाचे ‘पहचान’ ओळखपत्र काढा. दिल्ली हाटसारख्या ठिकाणी कारागिरांना पाळीपाळीने गाळे मिळतात, तेथे ते कामी येते. उदयपूरच्या शिल्पग्रामचा मेळा डिसेंबरच्या अखेरीस भरतो आणि तो भरवणाऱ्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र आणि गोवाही सामील आहेत. फेब्रुवारीत फरिदाबादजवळ सूरजकुंडचा मेळा भरतो, तो १९८७ पासून चालू आहे. दोन्हींचे अर्ज काही महिने आधी करावे लागतात, म्हणजे तुमचा मार्ग पावसाळ्यातच ठरलेला असला पाहिजे.

आंबोली घाट उतरून बांद्यावरून पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडाल, तेव्हा गाडीत माल असेल. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कारागिराला अधिसूचित यादीतला हस्तकलेचा माल जीएसटी नोंदणीशिवाय दुसऱ्या राज्यात विकता येतो, मात्र पॅन आणि ई-वे बिल (माल वाहून नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागते. सर्वसाधारण मालाला ई-वे बिलासाठी असलेली ५०,००० रुपयांची मर्यादा इथे लागू होत नाही, माल पाच हजारांचा असला तरी बिल काढावे लागते. हाताने काढलेली चित्रे आणि हातछपाईचे कापड यादीत आहे. तुमच्या शिवलेल्या वस्तूंचे आणि न विकता परत आणायच्या मालाचे काय करायचे, हे सल्लागाराकडून एकदा लिहून घ्या.

गाळ्यावर दोन ठसे आणि एक कापडाचा तुकडा नेहमी मांडून ठेवा. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी घेऊन गावोगाव फिरत, एकेक चित्र उचलून त्याची कथा सांगत, आणि लोक कथेसाठी थांबत. तुमच्याही गाळ्यावर माणसे आधी हात पाहायला थांबतील, पिशवीची किंमत त्यानंतर विचारतील. एखाद्या मुलाला रुमालाच्या कोपऱ्यावर ठसा उमटवू दिला, तर त्याची आई तो रुमाल सहसा परत ठेवत नाही.

पैशांचा अंदाज असा करा. मिरजेहून जयपूरला जाऊन येणे म्हणजे सुमारे २,८०० किलोमीटर. गाडी लिटरला दहा किलोमीटर जाते असे धरले आणि डिझेल ९० रुपये धरले, तरी नुसत्या इंधनाला २५,२०० रुपये लागतात. चारशे रुपयांची ६३ चित्रे विकली की इंधन सुटते, त्यात टोल, गाळ्याचे भाडे आणि जेवण आलेले नाही. नऊ लाखांपैकी निदान तीन लाखांना हात लावायचा नाही, असे ठरवा. आणि गाडी घेण्याआधी एक हिवाळा एस.टी.ने किंवा रेल्वेने दोन जत्रांना जाऊन या, दहा-बारा दिवस एकटीने गाळा सांभाळा. त्या दिवसांत काय विकले गेले याची वही ठेवा. गाडी किती मोठी हवी, हे त्या वहीवरून ठरेल.

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची आहे. ती अशाच गाडीतून एकटी फिरत मातीचे दागिने विकणार आहे. मी तिला अडवणार नाही, पण रात्री तिने गाडी कुठे लावावी? (एक आई, चिपळूण)

उत्तर : तुम्ही तिला अडवत नाही, याचे मला फार समाधान वाटले. कृषी पर्यटन केंद्रे, देवस्थानांची भक्त निवासे आणि पर्यटन महामंडळाची आवारे या तीन ठिकाणी पाणी, शौचालय आणि माणसांची जाग असते, आणि थोडे पैसे घेऊन गाडी लावू देतात. आधी फोन करून, दिवसाउजेडी पोहोचावे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास आणि उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई आहे, तेव्हा तिथला मोह तिने टाळावा. झोपण्याच्या जागेतून चालकाच्या आसनापर्यंत आतूनच जाता आले पाहिजे आणि गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी करावी, म्हणजे मन शंकले तर दार न उघडता निघता येते. मी असे दोनदा निघाले; दोन्ही वेळी बाहेर कोण होते ते मला कळले नाही आणि कळून घेण्याची गरजही वाटली नाही. ११२ हा क्रमांक तिला ठाऊक असेलच. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी तिने तुम्हाला ठिकाण कळवावे, आणि तुम्ही त्या वेळी फोनजवळ असावे.

प्रश्न : माझी गाडी महाराष्ट्रात नोंदलेली आहे. कर्नाटकात दीड वर्ष राहून काम करणार असेन, तर नोंदणी बदलावी लागेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : होय. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रातल्या मूळ आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आधी काढा, कारण बहुतेक वेळ त्यातच जातो, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करायला विसरू नका.