कमी दराचा ठेकेदार

प्रश्न : आमच्या भागातील रस्त्याचे काम अंदाजपत्रकापेक्षा 22 टक्के ‘बिलो’ भरणाऱ्या ठेकेदाराला मिळाले. सरकारी खाती केवळ कमी दर पाहूनच ठेकेदार निवडतात का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : दर पाहिला जातो, पण सर्वांत शेवटी. मोठ्या कामांच्या निविदा सहसा दोन लिफाफ्यांत मागवतात (ई-निविदेत कागद उरला नाही, तरी लिफाफा हा शब्द टिकून आहे) आणि तांत्रिक लिफाफ्यात जे पात्र ठरतात, त्यांचाच दराचा लिफाफा उघडला जातो. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या सूचनांनुसार ठेकेदाराने मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या 80 टक्के किमतीचे एक, 50 टक्के किमतीची दोन किंवा 40 टक्के किमतीची तीन तशीच कामे पूर्ण केलेली असावीत. रस्त्यांच्या निविदांत त्याखेरीज बोलीक्षमता, म्हणजे हातची कामे सांभाळून ठेकेदार आणखी किती काम पेलू शकेल, हेही तपासतात. समजा, गेल्या पाच वर्षांपैकी एखाद्या वर्षात त्याने जास्तीत जास्त तीन कोटींचे काम केले आहे, नवे काम वर्षभराचे आहे आणि त्याच वर्षात त्याला हातातली चार कोटींची कामे उरकायची आहेत. तर या तपासणीच्या सूत्रानुसार तीन कोटींच्या दुपटीतून चार वजा करता दोन कोटी उरतात आणि अडीच कोटींच्या निविदेसाठी तो अपात्र ठरतो.

म्हणूनच माझ्या मते खरी निवड अटी लिहितानाच होते. डांबरमिश्रित खडी गरम असतानाच अंथरावी लागत असल्याने ती तयार करणारा हॉट मिक्स प्लांट कामापासून ठरावीक अंतरात असावा, ही अट रास्तच आहे. मात्र ते अंतर किती किलोमीटर धरले, यावर स्पर्धेत पाच जण राहतात की एकच, हे ठरते.

पात्र ठरलेल्यांत सर्वांत कमी दराचा, म्हणजे ‘एल-वन’, निवडला जातो. दर फारच खाली असल्यास महाराष्ट्रात अतिरिक्त सुरक्षा अनामत घेतात. गुणवत्तेलाही गुण देण्याची मुभा केंद्राने ऑक्टोबर 2021 मध्ये निवडक कामांसाठी दिली, पण त्या गुणांचे वजन 30 टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही.

आपण माहितीच्या अधिकारात निविदा सूचना, तांत्रिक छाननीचा तक्ता, दरांचा तुलनात्मक तक्ता आणि अतिरिक्त अनामतीचा तपशील मागावा. कोण कोणत्या अटीवर बाद झाला, हे छाननीच्या तक्त्यात दिसेल. दोषदायित्वाचा कालावधीही विचारून घ्यावा, कारण त्या मुदतीत रस्ता उखडल्यास दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.