टॉवरच्या तारेतला करंट आणि इलेक्ट्रिकलची ॲडमिशन

ताई, पत्र वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, घर ऐरोलीत, तुमच्या मनात कॉम्प्युटर आणि हा मात्र टॉवर दिसले की तारेतला करंट काढत बसतो. त्याचं २२,००० ॲम्पिअर हे उत्तर ऐकून ओळखीचे इंजिनीअर हसले, म्हणून तुम्ही विचारताय की याला इलेक्ट्रिकल झेपेल का.

उत्तर चुकलंय, पण प्रश्न एक नंबर आहे. त्याने लाइनच्या २२० केव्हीला, म्हणजे २,२०,००० व्होल्टला, तारेच्या १० ओहम रेझिस्टन्सने सरळ भागलंय, म्हणजे अख्खं व्होल्टेज तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच पडतं असं धरलंय. तसं नसतं. २२० केव्ही हे लाइनच्या तीन तारांपैकी (त्यांना फेज म्हणतात) कुठल्याही दोन तारांमधलं व्होल्टेज, तारेच्या लांबीवर पडतो तो फक्त थोडासा ड्रॉप, आणि करंट किती जाणार ते पलीकडचा लोड, म्हणजे तिकडचा वीजवापर, ठरवतो. समजा १०० मेगावॅट पाठवायचेत, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकारातला खरा कामाचा वाटा) ०.९, तर पॉवरला रूट थ्री, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टरच्या गुणाकाराने भागायचं, साधारण २९० ॲम्पिअर येतात. तेवढीच पॉवर २२ केव्हीवर पाठवली तर २,९०० ॲम्पिअर, आणि तार तीच असेल तर उष्णता शंभरपट, कारण ती करंटच्या वर्गावर जाते. एवढाले टॉवर उभे करतात ते यासाठी.

जमिनीखालच्या केबलचं गणित अजून किचकट. एक्सएलपीई (एक प्रकारचं प्लास्टिक इन्सुलेशन) केबलचा कंडक्टर कायम ९० अंशांच्या आत ठेवावा लागतो, मग माती कोरडी आहे का, केबल किती खोल आहे, शेजारी दुसरी केबल आहे का, सगळंच मोजायचं. ज्याला यात मजा वाटते त्याला ब्रांच झेपते, हे माझं मत.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीचा पगार कॉम्प्युटरवाल्यांना बरेचदा जास्त मिळतो, आणि सबस्टेशनला नाइट शिफ्ट चुकत नाही. पण राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर, म्हणजे ग्रिडचं कंट्रोल रूम, तुमच्या ऐरोलीतच आहे, महापारेषण या राज्याच्या ट्रान्समिशन कंपनीची भरती असते, इंजिनीअरिंगनंतरची गेट परीक्षा देऊन पॉवरग्रिड या केंद्राच्या कंपनीत जाता येतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची लाइट गेली होती ना, तेव्हा कळवा-पडघा लाइन ट्रिप झाल्या होत्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या होत्या, असं झालं की ग्रिड परत उभी करणारी हीच माणसं. कोडिंग त्याने सोडू नये, लोड फ्लो, म्हणजे कुठल्या लाइनमधून किती पॉवर जाईल याचं गणित, सगळं कॉम्प्युटरवरच करतात.

सीईटीचा ऑप्शन फॉर्म भरताना इलेक्ट्रिकल वरच्या नंबरला टाका. आणि त्याला एक गणित द्या: चंद्रपूर-पडघा डीसी लाइन, १५०० मेगावॅट, प्लस-मायनस ५०० केव्ही, करंट किती? इथे रूट थ्री का घ्यायचा नाही तेही लिहायला सांगा, आणि उत्तर मला पाठवा.