शिकताना गाडी बिघडली, आता हात लावायची भीती वाटते

"मॅडम, मी गाडी शिकायला घेतली आणि महिन्याभरात गाडीच्या इंजिनचं काम निघालं, आता चावी बघितली तरी पोटात गोळा येतो." थोड्याफार फरकाने हे वाक्य मी समुपदेशक म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीचे, त्यात बायका जास्त, घरातली जुनी गियरची गाडी आणि शिकवणारा नवरा नाहीतर भाऊ. पुढचा अनुभव हडपसरच्या एका ताईंचा, त्यांना मेधाताई म्हणूया, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

वय 46, पतसंस्थेत नोकरी. आई सासवडला एकटी राहते, दर वेळी नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघायची नाही म्हणून शिकायला घेतलं. गाडी 11 वर्षांची, 90 हजार किलोमीटर झालेली. लर्निंग लायसन्स काढलं, L लावला, दोन महिने सकाळी सकाळी प्रॅक्टिस केली आणि मग एका रविवारी नवऱ्याला शेजारी बसवून सासवडच्या वाटेवरचा दिवे घाट चढवायला घेतला. निम्म्या घाटात गाडीने ओढ सोडली, बॉनेटमधून वाफ. टो करून गॅरेजला नेली तर हेड गॅसकेट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं पॅकिंग) गेलेलं, ऑइल बघायची डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये उतरलेलं. हेड उतरवावं लागलं, त्यातच क्लच प्लेटही संपत आलेली निघाली. बिल 24,000 रुपये. आणि घरी येताना रिक्षात नवरा एकच वाक्य बोलला, "इतकी वर्षं मी चालवली, काही झालं नव्हतं."

माझ्याकडे आल्या तेव्हा गाडी दुरुस्त होऊन तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी होती. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मला मशीनमधलं काही जमतच नाही, मी हात लावेन ते बिघडतं."

इथे मी जे केलं ते कुठलंही मायेचं माणूस करेल. म्हणलं, ताई तुमची चूक नाही, गाडी जुनी होती. त्यांनी मान डोलावली. पुढच्या भेटीत पुन्हा तेच वाक्य. त्याच्या पुढच्या भेटीतही तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं "तुमची चूक नाही" आणि त्यांचं "सगळी माझीच चूक" ही दोन्ही वाक्यं सारखीच पोकळ आहेत, कारण दोन्हीत गाडीत नक्की काय झालं ते कुणीच बघितलं नव्हतं. माझा पिंड अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. ते म्हणायचे की घटना आपल्याला तेवढी त्रास देत नाही जेवढं त्या घटनेबद्दल आपण स्वतःला सांगतो ते देतं. मेधाताईंनी स्वतःला तीन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली होती: गाडी बिघडली, मग मी बिघडवली, मग मी बिघडवणारीच आहे. पहिलं वाक्य गॅरेजचं, दुसरं तपासून बघायचं आणि तिसऱ्याला काही आधारच नाही, पण भीती येते ती या तिसऱ्यातून.

म्हणून मी त्यांना एक काम दिलं. नवऱ्याला न घेता एकटीने गॅरेजला जायचं आणि मिस्त्रींना तीन प्रश्न विचारायचे. काय गेलं होतं? कधीपासून जात होतं? आणि त्यात चालवण्यामुळे किती?

"ते हसतील मला."

"हसले तर हसू देत, उत्तर घेऊन या."

दहा दिवसांनी त्या एक जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवली. आत जुनी क्लच प्लेट आणि रेडिएटरचा होज पाइप, म्हणजे कूलंटची रबरी नळी. मिस्त्रींनी काढलेले पार्ट टाकून दिले नव्हते, यांनी मागून घेतले. होजला क्लॅम्पच्या जागी चीर आणि तिच्याभोवती वाळलेला हिरवट थर.

"हे बघा मॅडम, ते म्हणाले हा डाग एका दिवसाचा नाही, बरेच दिवस थेंब थेंब गळत असणार, घाटात लोड आला आणि पाणी संपलं. पण असंही म्हणाले की टेंपरेचरचा काटा वर जाताना बघितला असता आणि तेव्हाच बाजूला घेऊन बंद केली असती तर हेड बहुतेक वाचलं असतं. मी बघितलाच नाही, माझं सगळं लक्ष क्लच आणि गियरवर."

हे शेवटचं वाक्य त्या अगदी शांतपणे बोलल्या. मला वाटलं होतं इथे रडू येईल, पण नाही आलं. मी कागद पुढे केला, म्हणलं आता बिलाची वाटणी करा. होज आणि कूलंट 1,500, ते गाडीच्या वयाचे, त्यांच्याकडे शून्य. हेडचं काम 14,000, त्यातले निम्मे त्यांनी स्वतःकडे घेतले. क्लच 8,500, त्यातले 2,000, कारण 90 हजार किलोमीटरमधले यांचे किती असणार.

बेरीज केली आणि बराच वेळ कागदाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नऊ हजार. मॅडम, नऊ हजार मला परवडतात हो. मी तर आख्खी गाडी डोक्यावर घेऊन फिरत होते."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजके येतात आणि मला ते पुरतात. मला त्या दिवशी जे कळलं ते असं, की माणसाला निर्दोष ठरवून त्याचा भार उतरत नाही, त्याच्या वाट्याचं जेवढं आहे तेवढंच नेमकं हातात दिलं की उतरतो. नऊ हजाराची चूक सुधारता येते, "मी अशीच आहे" याचं काय करणार?

आता जे याच अडचणीत आहेत त्यांच्यासाठी थोडं. शिकताना गाडी बंद पडते, झटका बसतो, त्याने इंजिन खराब होतं, हे आधी डोक्यातून काढा. झिजतो तो क्लच, आणि तो झिजायचाच पार्ट आहे. चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक लावा, आणि चालू गाडीत पाय उगाच क्लचवर टेकवून ठेवू नका. काटा चढायला लागला तर एसी बंद, गाडी बाजूला, इंजिन बंद, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. आठवड्यातून एकदा थंड गाडीत कूलंटची खूण बघा. गॅरेजमध्ये काम सुरू करायच्या आधी अंदाज लिहून घ्या, जुने पार्ट परत मागा. आणि गाडी गॅरेजला असेल तेव्हा शिकणं थांबवू नका, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर चार दिवस जा, त्यांच्याकडे शेजारच्या बाजूलाही ब्रेक असतो. लर्निंगची मुदत 6 महिने असते, ती वाट बघण्यात सहज निघून जाते.

शिकवणाऱ्या नवरोबांनाही एक विनंती, "मी चालवली तेव्हा काही झालं नव्हतं" हे वाक्य गिळा. मेधाताईंच्या यजमानांना मी एकदा बोलावलं आणि तो होज त्यांच्या हातात दिला. बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हे मीच बघायला पाहिजे होतं." त्यांचाही वाटा निघाला, आणि तो निघाल्यावर घरातलं बोलणं बरंच मोकळं झालं असं ताई सांगत होत्या.

मागच्या महिन्यात फोन आला. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडतात. एकदा कूलंट खुणेच्या खाली दिसलं तर ऑफिसला जायच्या आधी स्वतः चालवत गॅरेजला नेली, क्लॅम्प सैल झाला होता, मिस्त्रींनी आवळून दिला, पैसे घेतले नाहीत. सासवडला जाताना घाट अजून यजमान चालवतात, वर झेंडेवाडीला आले की गाडी थांबवून जागा बदलतात आणि तिथून आईच्या दारापर्यंत मेधाताई.