कार्ब्युरेटर उघडण्याआधी : जुन्या गाड्यांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी पावसाळाभर झाकून उभी होती. आता चोक ओढला की चालते, चोक आत ढकलला की बंद पडते. एकदा रस्त्याला लागली की तक्रार नाही. कार्ब्युरेटर बदलावा का? (सांगली)

उत्तर : कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारा भाग, बदलायचा कशाला? दुखणं कुठे आहे ते तुम्हीच सांगितलंत. चोकवर, म्हणजे जादा पेट्रोलवर चालते, वेगात चालते, फक्त आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) मरते, म्हणजे तेव्हा पेट्रोल देणारी बारीक पितळी तोटी, स्लो जेट, तुंबलाय. उभ्या गाडीत पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. या जेटचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, त्याला तेवढी राळ पुरते. जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर चोर सापडला. क्लीनर स्प्रे मारा, मग कॉम्प्रेसरची हवा. तार अजिबात घालू नका. पितळ मऊ असतं, भोक वाढतं आणि जेटवरच्या मापाच्या नंबरला मग काही अर्थ राहत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं नाहीत, तर पुन्हा हेच होणार.

बसवल्यावर मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण जुळवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत न्या, साधारण दीड फेरा बाहेर काढा आणि इंजिन गरम झाल्यावर कानाने बारीक जुळवा.

प्रश्न : उन्हाळ्यात खंबाटकी घाट चढताना आमची फियाट डिलाइट हमखास बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. व्हेपर लॉकच ना? (पुणे)

उत्तर : असेलही. पण गरम गाडी बंद पडली की सगळे व्हेपर लॉकचंच नाव घेतात, आणि त्यात तीन वेगवेगळे आजार दडलेले असतात. पुढच्या वेळी इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडा. ॲक्सिलरेटर पंपाची धार आलीच नाही, तर वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी साठवण, बहुधा रिकामी आहे. पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला, हाच खरा व्हेपर लॉक. पेट्रोलचा पंप इंजिनलाच बोल्ट केलेला, तापणारच. पंपावर ओला फडका ठेवा. उलट घसा ओला आणि पेट्रोलचा भपका असेल, तर वाटीतलं पेट्रोल उकळून खाली सांडलंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पुन्हापुन्हा न दाबता स्टार्टर मारा. हे वारंवार होत असेल, तर कार्ब्युरेटरखालचं जाड उष्णतारोधक पॅकिंग जागेवर आहे का ते पाहा. कुणीतरी तिथे साधा कागद बसवलेला असतो.

धारही नीट, वासही नाही? मग कार्ब्युरेटरला सोडा. ठिणगीच्या यंत्रणेत, तापला की दगा देणारा कंडेन्सर किंवा कॉइल शोधा. डिकीत एक चांगला कंडेन्सर असू द्या. पेट्रोलचा वास येत असताना मात्र स्पार्क तपासायच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न : ॲम्बॅसडर काळा धूर सोडते, ॲव्हरेज निम्म्यावर आलंय, प्लग काजळीने भरतात. (नागपूर)

उत्तर : आधी चोकची केबल. नॉब आत गेला तरी कार्ब्युरेटरवरचा लिव्हर पूर्ण परत येतो का? नसेल, तर दहा मिनिटांत काम संपलं. येत असेल तर वाटी उघडा. वाटीत येणारं पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला झिजून कडा पडलेली दिसली तर नवा घाला. पितळी फ्लोट (नीडल बंद करणारा तरंगता डबा) कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय; तो बुडतो, नीडल बंदच होत नाही. झाळून आणता येतो, पण झाळ बारीक हवी. वजन वाढलं की पेट्रोलची पातळीही वर सरकते.

प्रश्न : तीनदा कार्ब्युरेटर साफ केला, तरी आयडलिंग वरखाली होतं आणि मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरक पडत नाही. (नाशिक)

उत्तर : चौथ्यांदा साफ करू नका. गाडी कुठून तरी हवा घेतेय. चालू इंजिनवर कार्ब्युरेटरच्या बुडाभोवती साबणाचं पाणी थेंबथेंब सोडा. जिथे आवाज बदलेल तिथे गळती. दर सफाईला नट करकचून आवळल्याने फ्लँज (बुडाचा सपाट काठ) वाकतो, हे मी फार वेळा पाहतो. फ्लँज सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगला तर घासून घ्यावा लागेल. थ्रॉटलचा दांडा वरखाली हलत असेल, तर बुश (दांडा फिरतो त्या कड्या) गेलेत, लेथवर नवे करून घ्या. आणि डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी काढून तोंडाने ओढून पाहा. ओढ टिकली नाही तर आतला डायफ्रॅम (लवचीक पडदा) फाटलाय.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचं नुकसान होतं का? (पणजी)

उत्तर : रबराचं होतं. जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, पॅकिंग फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल सोसणारं रबर घाला. मिश्रणही थोडं लीन (हवा जास्त, इंधन कमी) होतं. ओढ कमी वाटली आणि प्लग पांढरट दिसले, तर मेन जेट (वेगात पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा करून पाहायला हरकत नाही. इथेनॉल ओलावा धरतं. गोव्याच्या हवेत अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी केलीत, तर तळाशी पाणी साचून टाकी गंजेल. सुरुवात मात्र नळीपासून करा : गरम मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या नळीवर) एक थेंब गळाला तरी गाडी पेटू शकते.