घरात एलपीजी गळतीचा अलार्म आहे. गॅस गिझरसाठी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा घ्यावा का?

हो, वेगळाच लागेल. एलपीजीचा सेन्सर न जळलेला गॅस ओळखतो. कार्बन मोनॉक्साइड अपुऱ्या हवेत गॅस अर्धवट जळाल्याने तयार होतो, आणि त्याला वासही नसतो. ईएन ५०२९१ (घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्मचं युरोपीय मानक) प्रमाणित, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा घ्या. एलपीजी जड म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात. हा मात्र भिंतीवर उंच, छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली आणि गिझरपासून १ ते ३ मीटरवर. बाथरूममध्ये नको, वाफेने सेन्सर बिघडतो. टेस्टचं बटण फक्त भोंगा आणि बॅटरी तपासतं, सेन्सर नाही, त्यामुळे पाठीवर छापलेली मुदत संपली की वाजत असला तरी बदला. पण गिझर बाथरूममध्येच असेल, तर आधी तो बाहेर काढा. कारण ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग कार्बन मोनॉक्साइड) हा अलार्म तासाभरानंतरच वाजतो.