भूमिकाभिनयाच्या तासात शिकणे नेमके कुठे घडते?

प्रश्न : मी विधी शाखेच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवते. पक्षकाराशी बोलून माहिती काढून घेण्याचे कौशल्य यावे म्हणून मी भूमिकाभिनयाचे तास घेते; त्यात एक विद्यार्थी पक्षकार होतो आणि दुसरा वकील. मात्र विद्यार्थी ते हसण्यावारी नेतात, ज्यांना अभिनय जमतो तेच भाव खाऊन जातात आणि तास संपल्यावर हाती काय लागले हे मलाही सांगता येत नाही. हा उपक्रम बंद करावा का? चालू ठेवल्यास गुण कसे द्यावेत?

उत्तर : बंद करू नये, पण पक्षकाराची भूमिका वर्गातल्याच मित्राला देणे आधी थांबवावे. मित्र मित्राला अडचणीत येऊ देत नाही. विचारण्याआधीच सगळे सांगून टाकतो. वैद्यकीय शिक्षणाने ही बाब फार पूर्वी ओळखली. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवले, आणि तपासणीनंतर विद्यार्थी कसा वागला हे त्याच व्यक्तीकडून नोंदवून घेतले. आपणही विद्यार्थ्यांना अनोळखी असलेली, दुसऱ्या विभागातली एखादी व्यक्ती बोलवावी.

तिला संवाद पाठ करायला लावू नयेत. तिच्या हाती माहितीचा कागद द्यावा, आणि त्यात एक गोष्ट दडवलेली असावी. समजा, वाटणीच्या वादातील एका बाईंनी भावाच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर आधीच सही केली आहे. त्यांना सूचना अशी, की थेट विचारल्यास किंवा मोकळेपणाने बोलू दिल्यासच हे सांगायचे. ‘मिळकत कोणाच्या नावावर आहे?’, ‘वडील कधी वारले?’ असे तुटक प्रश्न विचारत गेलेल्या विद्यार्थ्याची वही भरते, पण सही कळत नाही. ‘यानंतर घरात काय काय झाले ते सावकाश सांगा’ असे म्हणून जो गप्प बसतो, त्याला बहुधा ती कळते. इथे अभिनयगुणांचा प्रश्नच उरत नाही, कारण विद्यार्थ्याने सोंग आणायचे नसते, स्वतःचेच काम करायचे असते. हसणेही मग आपोआप कमी होते.

खरे शिकणे त्यानंतरच्या चर्चेत होते, आणि आपल्याकडे नेमकी तीच घंटेच्या तोंडावर उरकली जाते. मुलाखत पंधरा मिनिटांची असेल तर चर्चेला निदान तेवढाच वेळ राखून ठेवावा. आधी विद्यार्थ्याने बोलावे, मग पक्षकार झालेल्या व्यक्तीने ‘या प्रश्नाला मला अवघडल्यासारखे झाले’ असे नेमके सांगावे, आणि शिक्षकाने शेवटी. (शिक्षकांना हे सर्वांत जड जाते.) शक्य असल्यास तीच मुलाखत पुन्हा घेऊ द्यावी, दुसरी संधी नसेल, तर चर्चेतले शहाणपण वहीतच राहते.

गुणांबाबत म्हणायचे तर पहिल्या फेऱ्यांना ते देऊच नयेत, कारण गुण समोर दिसताच विद्यार्थी चूक करण्याचे टाळतो. पुढे परीक्षा घ्यायची झाल्यास सर्वांना एकच प्रकरण आणि आधीच ठरवलेली निरीक्षणसूची असावी. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीहून मांडलेल्या वैद्यकीय परीक्षापद्धतीचा गाभा हाच होता. सूचीत ‘आत्मविश्वास’ असा मोघम मुद्दा न ठेवता ‘पक्षकाराचे बोलणे मध्येच तोडले का’ असे डोळ्यांना दिसणारे मुद्दे घालावेत. वर्ग मोठा असल्यास तिघातिघांचे गट करून तिसऱ्याच्या हाती हीच सूची द्यावी. तिथे पक्षकार वर्गमित्रच होईल, हे खरे; पण दडवलेल्या माहितीचा कागद दुसऱ्या गटाकडून लिहून घेतला, तर ती अडचण बरीच सुटते.